आंबापोळी आणि पीळ मारलेला वारा

मे संपता संपता आभाळ भरून आलं की आमच्या रत्नागिरीत आंबापोळी घातलेल्या घरांत एकच पळापळ, ताटं आत घ्या ताटं आत घ्या. दोन वर्षांमागे आमची ताटं अशीच अर्धी ओली आत आली आणि मी त्यावर हेअर ड्रायर धरला, तर मधे रुपयाएवढा भाग कडक झाला आणि कडेचा रस तस्साच चिकट!

असं का होतं? कुठल्याही पृष्ठभागाला हवेचा एक पातळ सुस्त थर चिकटलेला असतो (1904 साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी हा थर नीट समजावून सांगितला) आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते, पाण्याच्या सुमारे 20 पट कमी, म्हणजे हा थर जवळजवळ गोधडीच. गरम पेजेवर फुंकर मारतो ती हीच गोधडी झिजवायला. झोत आपटतो तिथे थर सगळ्यात पातळ, म्हणून उष्णता तिथे भराभर आत जाते, आणि बाहेर जावं तसा थर जाड होत जातो.

आता झोत जिथून सुटतो त्या नळीत पीळ दिलेली पट्टी बसवली तर हवा गिरक्या घेत बाहेर पडते, फाकते, त्यामुळे उष्णता जास्त जागेवर आणि जरा सारखी पोचते. पण हे फुकट नाही हां. फिरणारा झोत आजूबाजूची हवा पटकन ओढून घेतो म्हणून लवकर थकतो, सरळ झोताचा गाभा, म्हणजे मधला अजून न मंदावलेला भाग, नळीच्या रुंदीच्या साधारण 6 पट अंतरापर्यंत टिकतो तसा याचा टिकत नाही, ताट जवळच हवं. आणि पीळ फारच जास्त झाला तर मधोमध दाब इतका कमी होतो की हवा उलटी मागे खेचली जाते, मग मधलाच भाग उपाशी.

कुठे किती उष्णता पोचते हे मोजायची एक पद्धत मला फार आवडते. पृष्ठभागावर डांबरगोळीच्या पदार्थाचा म्हणजे नॅफ्थलीनचा लेप द्यायचा, झोत सोडायचा, आणि कुठे किती लेप उडाला ते मोजायचं, कारण जिथे वाफ जोरात उडते तिथे उष्णताही जोरात जाते. पावसाळ्यात आपल्या कपाटात जे होतं तेच, फक्त मापून!

शेवटी आम्ही साधा टेबल फॅन लावला, त्याचा वारा मुळातच पीळ घेऊन येतो. मोटरच्या अगदी समोर तो नीट लागत नाही, म्हणून ताटं थोडी बाजूला सरकवली.