वरणाचं पाणी आणि चमच्याची परीक्षा

बाळाचं उष्टावण झालं की अनेक घरांत पहिले काही आठवडे एकच पदार्थ ठरलेला असतो: शिजलेल्या वरणावरचं निवळ पाणी. पचायला हलकं म्हणून. हलकं ते आहेच, कारण त्यात पचवण्यासारखं फारसं नसतंच. डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट (स्टार्च) बहुतेक तळाच्या गाळात राहतात. वर येतं ते पाणी, मीठ आणि हळदीचा रंग.

सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावतं, म्हणजे जेमतेम फुलपात्रभर. आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ‘वरचं अन्न’ म्हणताना आपण त्या इवल्या पोटातली जागा दुधाहूनही पाणचट गोष्टीला देऊन टाकतो. पोट भरतं, बाळ झोपतं, आई निश्चिंत होते. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावरची रेघ मात्र आडवी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०.

ही सवय काही आपलीच नाही. पेरूमध्ये (फळ नव्हे, देश) त्रुहियो शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतल्या आया बाळांना पातळ सूप भरवत. तिथल्या १२ आरोग्य केंद्रांमधला एक प्रयोग २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांनी आयांना धान्य दिलं नाही की पैसे दिले नाहीत. मोजक्या गोष्टी तेवढ्या पुन्हापुन्हा सांगितल्या आणि करून दाखवल्या. सूप नको, घट्ट लगदा आधी. कोंबडीची कलेजी, अंडं किंवा मासा यातलं काहीतरी रोज. आणि भरवताना घाई नको. दीड वर्षाच्या वयात नेहमीच्या केंद्रांमधली १६ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. शिकवलेल्या केंद्रांमध्ये ५ टक्के.

मला यात कलेजी फार आवडली. शिकवणाऱ्यांनी आधी बाजारात काय स्वस्त मिळतं ते पाहिलं. आपल्याकडे पोषणाच्या भित्तीचित्रावर अजून सफरचंद आणि बदाम दिसतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ते बघून आपल्याला हे जमणार नाही एवढंच कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी होती.

घट्ट द्या म्हणणं सोपं, पण त्यात एक अडचण आहे. पीठ शिजवलं की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पेज गोळा होते. बाळाला ती गिळवत नाही, मग आई पाणी ओतते आणि कॅलरी पुन्हा विरळ होतात. यातून वाट काढायला मोड आलेलं धान्य उपयोगी पडतं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दाट पेजेत असं पीठ अगदी थोडं मिसळलं तरी ती सैल होते. पाण्याचा थेंबही न घालता.

घरी करून बघा. नाचणीला किंवा गव्हाला मोड आणून, कडकडीत वाळवून, दळून ठेवा. दाट पेज आचेवरून उतरवा, जरा निवू द्या आणि चमचाभर पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत ती ओघळू लागेल. उकळत्या पेजेत घातलं तर विकर मरतं आणि काहीच घडत नाही, म्हणून एवढा धीर हवा. पेज सैल झाल्यावर मात्र एक उकळी आणायचीच, कारण मोडाच्या पिठात जंतूही असतात. नाचणी सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्या मोड आणायच्या ते उगीच नाही.

मोडाचं पीठ नसेल तर वरणच घ्या, पाणी नाही. भात किंवा भाकरी त्यात कुस्करा आणि छोटा चमचा तेल सोडा. त्या तेलाच्याच चाळीस-पंचेचाळीस कॅलरी होतात. चमचा तिरका केल्यावर घास घरंगळून गेला नाही, तर दाटपणा बरोबर.

मात्र शिकवण्याला मर्यादा आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’नेच जगभरच्या अभ्यासांचा आढावा छापला. घरात पुरेसं अन्न आहे तिथे निव्वळ शिक्षणाने मुलांची वाढ सुधारते. जिथे अन्नाचीच वानवा आहे तिथे शिक्षणाबरोबर अन्नही द्यावं लागतं, असं त्यात दिसलं. पहाटे ऊसतोडीला निघणारी आई चमच्याची परीक्षा घेणार कधी? बाळ दिवसभर आजीपाशी किंवा आठ वर्षांच्या बहिणीपाशी असतं. अंगणवाडीताईने बोलवायचं तर आधी त्यांना बोलवावं, आणि घरपोच आहाराचं पाकीट देताना घरातली बाकीची पोरं किती, तेही विचारावं; ते पाकीट एकट्या बाळाच्याच वाट्याला येईल असं नाही.