‘कॉम्प्रेशन जरा डाऊन हाय’

“सायब, इंजिन एकदम ओके हाय. कॉम्प्रेशन जरा डाऊन हाय, पर गाडीवर चढलं की येतंय बघा.” भंगारवाल्यानं चहाचा ग्लास बॅटरीच्या खोक्यावर ठेवत सांगितलं. बेळगावहून जाताना निपाणीच्या अलीकडे, हायवेला लागून त्याचं आवार. मित्राच्या वडिलांच्या जीपचं मूळ इंजिन लायनरसकट, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरासकट, संपलं होतं. इथे केबिन चिरडलेल्या एका पिकअपमध्ये अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन जसंच्या तसं बसलेलं होतं. मित्र रोकड खिशात घालूनच आला होता.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टननं सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेचा दाब. तो ‘जरा डाऊन’ म्हणजे किती, हे सगळेच विचारतात. ती हवा जाते कुठे, हे कुणी विचारत नाही. आणि इंजिन घ्यायचं की सोडायचं, हे ठरतं त्या दुसऱ्या प्रश्नावर.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं, तेवढ्याच भांडवलावर हा सगळा संसार चालतो. (किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली आणि पुढे त्याच घराण्याच्या डिझेल पंपांनी इथली शिवारं भिजवली, हा योगायोग मला फार आवडतो.) पिस्टन वर येताना हवा साधारण अठरा पट कमी जागेत कोंबतो. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी १३ अंशांची ती हवा चारशे अंशांच्या आसपास तापते. डिझेल आपोआप पेटायला सव्वादोनशेच्या आगेमागे पुरतात, पण फवारा हवेत मिसळून, उकळून पेटायला वेळ मिळतो सेकंदाचा बारीकसा तुकडा, म्हणून वरची शिल्लक लागते. हवा वाटेतच निसटत राहिली आणि थंड भिंतींनी उरलेली ऊब ओढून घेतली, तर तापमान दोनशेच्या खालीही राहतं. मग डिझेल न पेटताच वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. थंडीत सकाळी धुरानं गल्ली भरणारी आणि दुपारी पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते.

इंजिन कमी वेगानं फिरलं तर निसटायला हवेला जास्त वेळ मिळतो. सेल्फवर मिनिटाला २०० फेऱ्यांना पिस्टन वर यायला ०.१५ सेकंद लागतात. बॅटरी उतरून फेऱ्या १०० वर आल्या की ०.३. म्हणून अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेलं कॉम्प्रेशनचं रीडिंग कुणाच्याच उपयोगाचं नसतं. आम्ही जीपचीच बॅटरी केबलनं जोडली.

पण त्याआधी हातानं. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन सावकाश फिरवायचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत चार वेळा पाना अडतो, स्प्रिंग दाबल्यासारखा परत ढकलतो. इथे तीन वेळा तो नीट अडला, चौथ्यांदा हलकाच पुढे गेला. मी पुन्हा दोन फेऱ्या मारल्या. तसंच. हा खेळ फुकटात होतो आणि भंगारवाल्याला फारसा आवडत नाही.

मग गेज. डिझेलचं गेज वेगळं असतं, हजार पीएसआयपर्यंतचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब). पेट्रोल गाडीचं तीनशेवालं लावलं तर काटा कामातून जातो. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढली, डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवले, त्यांच्या भोकांत आळीपाळीनं अ‍ॅडॉप्टर बसवला. रीडिंग आलं ३६५, ३६०, ३५५ आणि २७०.

साडेतीनशे ते साडेचारशे पीएसआय तब्येतीचं लक्षण धरतात, तीनशेच्या खाली थंडीत हाल. तरी प्रत्येक इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहावा, आणि पाहताना आपण कुठे उभे आहोत हेही आठवावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ. सिलिंडर मुळात कमी हवा ओढतो, म्हणून गेजही तेवढंच कमी दाखवतं. गोव्यात ४०० दाखवणारं ठणठणीत इंजिन चोर्ला घाट चढून बेळगावात आलं की ३६५–३७० दाखवेल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. त्यामुळे मी आकड्याकडे कमी आणि आकड्यांमधल्या फरकाकडे जास्त बघतो. उंची चारही सिलिंडरना सारखीच लागते. चारही सारखेच खाली असतील तर एकूण झीज, व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंगचा एखादा दात सरकणं किंवा आपलीच बॅटरी. एकच खाली असेल तर त्या एकाचीच काहीतरी कहाणी असते.

इथे बरेच मेस्त्री सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतात. रीडिंग वाढलं तर ऑइलनं फट बुजली, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंग गेल्या; नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. पेट्रोलवर ठीक, डिझेलवर मला हा प्रकार पटत नाही. अडीच लिटरच्या इंजिनात पिस्टन पूर्ण वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये जागा उरते जेमतेम ३७ घन सेंटीमीटर. पाच घन सेंटीमीटरचा एक चमचा ऑइल त्यातली सातवा हिस्सा जागा खातं आणि रिंग कशाही असल्या तरी रीडिंग वीसेक टक्क्यांनी फुगतं. शिवाय थेट फवाऱ्याच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर वाटी असते. ऑइल त्या वाटीतच बसतं, रिंगपर्यंत पोचतही नाही. जास्त ओतलं तर तिसरीच भानगड होते, द्रव दबत नाही आणि पिस्टनला खालून ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. हे वाक्य पुढे लागणार आहे.

त्यापेक्षा हवेलाच विचारावं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला, एकेका सिलिंडरचा पिस्टन वर घेतला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे त्यांना दाबणारं टॅपेट हलवून पाहिलं आणि नोझलच्या भोकातून हवा सोडली. पाना कुणीतरी घट्ट धरायचा असतो. शंभर पीएसआयची हवा त्या पिस्टनवर चारशे किलोंहून जास्त जोर लावते, आणि पिस्टन अगदी टोकावर नसला तर पाना सरळ मनगटावर येतो. आम्ही निम्म्या दाबावरच भागवलं.

मग ऐकायचं. ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग किंवा लायनर. एअर फिल्टरच्या नळीतून आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, चिरलेलं किंवा त्याखालची गॅस्केट गेलेली. शेजारच्या सिलिंडरच्या भोकातून आली तर दोघांमधली गॅस्केट. आजाराचं नाव एकच, ‘कॉम्प्रेशन डाऊन’. पण व्हॉल्व्ह घासून बसवायला हेडचं काम पुरतं आणि लायनर-पिस्टनला अख्खं इंजिन खोलावं लागतं. भंगारवाला म्हणाला तेही कधीकधी खरं ठरतं. वर्षभर उभ्या इंजिनाच्या रिंग खोबणीत चिकटतात, व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो आणि शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर कॉम्प्रेशन खरंच परत येतं. अशा वेळी हवेचा आवाज मोठा असतो.

आमच्या चौथ्या सिलिंडरला आवाजच नव्हता. म्हणजे बाकीच्या तिघांइतकीच, झाकणातून हलकी फुसफुस. चालल्या इंजिनात ती असतेच. मित्र खूश झाला. “लीक नाय म्हणजे चांगलंच की रे!”

मला तिथेच घाम फुटला. हवा निसटत नाही आणि तरी दाब कमी, याचा अर्थ ती मुळात पुरेशी दाबलीच जात नाही.

नोझलच्या भोकातून सरळ सळई सोडली, पुली दोन्हीकडे हळूहळू हलवली आणि पिस्टन सगळ्यात वर आला तिथे सळईवर करवतीच्या पात्यानं खूण केली. पहिल्या तिघांच्या खुणा एकावर एक. चौथ्यात सळई दीड मिलिमीटर जास्त आत गेली, म्हणजे पिस्टन तेवढा खालीच थांबला.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्या पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे वर नऊ घन सेंटीमीटर जादा जागा राहिली. ३७ ची ४६ झाली. अठरा पट दाबली जाणारी हवा साडेचौदा पटच दाबली गेली. हिशोब केला तर दाब चोवीसेक टक्क्यांनी घसरायला हवा. ३६० मधून चोवीस टक्के वजा करा, २७० च्या अगदी जवळ येता. आवारातल्या धुळीत बोटानं केलेलं हे गणित गेजशी एवढं जुळलं की मला क्षणभर इंजिनापेक्षा त्याचाच आनंद झाला.

रॉड वाकला होता. एअर फिल्टरचा डबा उघडला तर फिल्टर नवाकोरा, पण डब्याच्या कोपऱ्यांत वाळलेला पिवळसर गाळ. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत आपल्याकडच्या नद्यांचं पाणी कुठवर चढलं होतं, ते या भागात कुणाला सांगायला नको. चालू गाडी पाण्यात घातली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. एका सिलिंडरमध्ये चाळीसेक मिलिलिटर गेलं तरी पिस्टनला वर यायला जागा उरत नाही. पाणी दबत नाही, रॉड वाकतो. नंतर पाणी काढून, ऑइल बदलून गाडी सुरूही होते, फक्त थंडीत एक सिलिंडर मिस होतो आणि पांढरा धूर मारतो. असा रॉड पिस्टनला लायनरवर तिरका घासत राहतो आणि चढावर, ऐन लोडला तुटला तर ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतो.

भंगारवाल्याला मी गाळ दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आमी घेतली तवा अशीच हुती.” खरंही असेल.

शेवटी मित्रानं इंजिन घेतलंच. चालू इंजिनाच्या भावानं नाही, खोलायच्या मालाच्या भावानं, आणि त्या पिकअपचे कागद व पावती हातात घेऊन. इंजिन बदललं की त्याचा नंबर आर.सी.वर चढवावा लागतो आणि कागद नसले तर आरटीओच्या खिडकीवर सगळं शास्त्र फुकट जातं.

पुढच्या आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन खोललं. मेस्त्रींनी चारही रॉड टेबलाच्या जाड काचेवर शेजारी शेजारी उभे केले, वरच्या बुशांमधून एकच लांब पिन घालायला घेतली. पिन तीन रॉडांतून लोण्यासारखी गेली आणि चौथ्याच्या कडेवर अडली. मेस्त्रींनी काही न बोलता खिशातून रुपयाचं नाणं काढलं, त्या रॉडखाली सरकवलं आणि पिन पुढे ढकलली.