बाभूळ ठेवायची, वेडी बाभूळ काढायची. पण ओळखायची कशी?

जेसीबीवाल्याला ‘नाल्यातल्या काट्या साफ कर’ एवढंच सांगून आपण चहाला गेलो, की परत येईपर्यंत दोन्ही बाभळी उपटून काठावर पडलेल्या असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लांबून पाहिलं तर दोन्ही काटेरी, दोघींची पानं बारीक, दोन्ही उन्हाळ्यातही हिरव्या. पण एक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बांधावर उभी आहे, तिच्या लाकडावर खानदेशातल्या बैलगाड्या चालल्या. आणि दुसरी अमेरिका खंडातून आलेली, दीडशे वर्षांत अर्ध्या देशाची कुरणं गिळून बसलेली. नाला खोलीकरणात पहिली जाते आणि दुसरी दोन पावसाळ्यांत परत येते. म्हणजे काम करूनही शिवार तिच्याच ताब्यात.

म्हणून आधी ओळख. झाडाला फूल नसेल, शेंग नसेल, तरी पान असतंच, आणि पानावर काम भागतं. एक पान तोडून तळहातावर आडवं ठेवा. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंना आडव्या काड्या फुटलेल्या असतात आणि त्या काड्यांवर पानोळ्या. बाभळीला अशा काड्यांच्या सहसा तीन ते सहा, कधी त्याहून जास्त जोड्या असतात आणि पानोळ्या अगदी चिमुकल्या, दाट. वेडीला बहुतेक वेळा एक किंवा दोनच जोड्या, फार तर तीन. पानोळ्या लांबट आणि सुट्या सुट्या. एकदा हा फरक डोळ्यांत बसला, की मोटारसायकलवरून जातानाही कळतो: बाभळीची पालवी मऊ आणि भरीव दिसते, वेडीची विरळ, खाली लोंबणारी.

फुलोरा आला की शंकाच उरत नाही. बाभळीची फुलं म्हणजे हळदी रंगाचे, सुवासाचे गोल गोंडे. वेडीचा फुलोरा बोटभर लांब, फिकट हिरवट-पिवळा तुरा. शेंगांचंही तसंच. बाभळीची शेंग करडी, लवदार, आणि दोन बियांच्या मध्ये इतकी आवळलेली की मण्यांची माळच वाटावी. वेडीची शेंग सरळ किंवा थोडी वाकडी, गरदार, पिकली की पिवळी आणि चवीला गोड. बाभळीचा काटा लांब, सरळ, पांढुरका आणि जोडीने येतो. झाड म्हातारं झालं की काटे कमी होतात. खोडाकडे पाहा: बाभळीला सहसा एक ठळक खोड, काळपट, खोल भेगांचं. वेडी बुडापासूनच चार-सहा फांद्या फेकते आणि त्या जमिनीशी लोळतात. त्या जाळ्यात शिरायचं म्हटलं तर शेळीसुद्धा विचार करते.

घोळ वाढवायला नातेवाईकही आहेत. पांढऱ्या सालीचा हिवर हा बाभळीचाच देशी भाऊबंद, आणि उभी सरळ वाढणारी रामकाठी ही बाभळीचीच एक जात, दोन्ही ठेवायच्या. सुबाभूळ नावापुरती बाभूळ. ती मेक्सिकोकडची, चाऱ्यासाठी गाजावाजा करून लावली गेली आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत जाऊन बसली. वेडी बाभूळ तर बाभळीच्या जवळची नाहीच. तिची जवळची नातलग म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी. 2022 पर्यंत वनस्पतिशास्त्रात दोघी ‘प्रोसोपिस’ या एकाच वंशनामाखाली होत्या. मग वेडीला ‘नेल्टुमा’ हे वेगळं नाव मिळालं. शमी मात्र प्रोसोपिसच राहिली.

वेडी भारतात आपोआप आली नाही, आणली गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वनाधिकाऱ्यांना रेल्वे आणि सरपणासाठी रखरखीत जमिनीत वाढणारं झाड हवं होतं. जमैकातून मागवलेलं बी 1877 साली आजच्या आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागात पेरलं गेलं. पुढे मारवाडात लागवड झाली आणि 1940 मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला. कच्छचं रण पुढे सरकू नये म्हणून गुजरातच्या वनखात्याने 1961 च्या सुमारास बन्नीच्या कडेला ती लावली. बन्नी म्हणजे आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशांपैकी एक. आज त्याचा जवळजवळ निम्मा भाग या झाडाखाली आहे. तिथले मालधारी पशुपालक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच, म्हणतात. आपल्याकडे गुरं घेऊन येणाऱ्या काठेवाडी गवळ्यांच्या तोंडीही हेच नाव, आणि त्यांच्या कपाळावरची आठीसुद्धा तीच.

आता मुद्द्याचं: दोघी काटेरी, दोघी मुळांवरच्या गाठींतून नत्र धरणाऱ्या, दोघींच्या शेंगा जनावरं खातात, मग एकीने शिवार का व्यापलं आणि दुसरीने का नाही?

पहिलं उत्तर शेळीच्या तोंडात आहे. बाभळीचा पालाही शेळी-मेंढी खाते आणि शेंगाही. साक्री-धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ आकडीने फांदी ओढून मेंढरांपुढे टाकतात ती याच झाडाची. त्यामुळे बाभळीची नवी रोपं चरण्यातच कमी होतात आणि झाडाला आपसूक लगाम बसतो. वेडीचा पाला जनावर तोंडात घेत नाही. त्यात अल्कलॉइड, म्हणजे जनावराला नकोशी वाटणारी रसायनं आहेत. शेंग मात्र गोड, ती चवीने खाल्ली जाते. कठीण कवचातलं बी पोटातून सहीसलामत बाहेर पडतं, आणि तेही खतासकट. म्हणजे जनावर तिचं बी गावभर पेरतं आणि रोपाला हातही लावत नाही. याहून फायद्याचा सौदा कोणत्या झाडाला मिळेल? आपण ज्या माळावर गुरं जास्त चारली, जिथलं गवत आधीच खुरटलं, तिथेच ती आधी शिरते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळा दोष झाडावर टाकून मोकळं होणं फार सोपं आहे.

शेंगांचंही अती झालं की जनावराला बाधतं. पुष्कळ दिवस नुसत्या वेडीच्या शेंगांवर राहिलेल्या गुरा-शेळ्यांच्या जबड्याच्या नसा निकामी होतात, चावता येत नाही, लाळ गळते. केनियातल्या बारिंगो भागात गोड शेंगांनी शेळ्यांचे दात गेले, आणि 2006 साली तिथल्या इल्चामुस पशुपालकांनी सरकारवर खटला भरून न्यायालयात बोळकी शेळीच उभी केली. हे झाड आमच्या माथी मारलंत, आता निस्तरा, असा त्यांचा दावा होता.

दुसरं उत्तर झाडाखालच्या जमिनीत. चैत्रात बांधावरच्या जुन्या बाभळीखाली जाऊन बसा. सावली विरळ, ऊन गाळून खाली येतं, बुडाशी वाळकं का होईना गवत असतं, खोडावर डिंकाचा लालसर थेंब. विहिरीवर वाकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे आणि काट्याला खाटीक पक्ष्याने टोचून ठेवलेला नाकतोडा. तिथून नाल्यात उतरून वेडीच्या जाळीत वाका. खाली बहुतेक उघडी माती आणि तिच्याच गळलेल्या पानांचा थर. त्या पाचोळ्यातली रसायनं इतर बियांची उगवण रोखतात. उरलेलं काम दाट फांद्या आणि आजूबाजूचं पाणी ओढणारी मुळं करतात. मारवेल, पवना, कुसळी ही गवतं तिच्याखाली टिकत नाहीत. गवत गेलं की त्यावरचे नाकतोडे गेले, ते टिपणारे चंडोल आणि धाविक गेले. उघड्या माळावर लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या खोकडाला, लांडग्याला, चिंकाऱ्याला ते झुडपी रान परकंच. त्यांच्या जागी कोण येतं? रानडुक्कर. दिवसा वेडीच्या जाळीत झोपायचं आणि रात्री मक्यात शिरायचं. म्हणजे माळाचं नुकसान शेवटी वावरात येऊन मोजावं लागतं.

धुळे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात हे जास्त बोचतं, कारण तिथली मूळ संपत्ती दाट जंगल नाहीच. ती आहे गवत आणि मधूनमधून बाभूळ, हिवर, बोर, खैर. असा माळ कागदोपत्री ‘पडीक’ ठरतो आणि पडीक जमिनीवर काहीही हिरवं उगवलं की प्रगती वाटते. पांझरा, बुराई, गिरणेच्या कोरड्या पात्रातली हिरवाई पाहून खूश होणारे लोक मला भेटतात. ती हिरवाई नीट पाहिली तर बऱ्याच ठिकाणी एकाच झाडाची निघते, आणि पूर आला की त्या जाळीत गाळ-कचरा अडकून प्रवाह काठ कुरतडायला लागतो.

तिच्याबद्दलच्या सगळ्याच तक्रारी खऱ्या नाहीत. ती हवेतली ओल शोषते म्हणून पाऊस पडत नाही, ही थाप आहे. तिचं सरपण उत्तम जळतं, कोळसा चांगला होतो, मधमाश्यांना फुलोरा मिळतो, आणि ज्या बाईच्या चुलीला दुसरं काही नाही तिला हे झाड फुकट जळण देतं. तिचा विचार न करता काढलेला हुकूम गावात टिकत नाही. पण जळण देते म्हणून वेडी बाभळीच्या जोडीला बसते, असंही नाही. बाभळीचं लाकूड गाडीच्या चाकाला, नांगराला, साल कातडं कमवायला, काडी दातणाला, डिंक वेगळा.

इथे आपल्या बाभळीचंही एक प्रकरण सांगायला हवं, नाहीतर देशी म्हणजे साधी आणि परकी म्हणजे दुष्ट असा समज होईल. आपल्याकडची हीच बाभूळ 1890 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये सावलीसाठी लावली गेली. पुढे मेंढ्यांना चारा आणि सावली म्हणून तिची शिफारसही झाली. 1950 आणि 1970 च्या दशकांत भरपूर पावसाची वर्षं आली, गुरांनी शेंगा खाऊन बी पसरवलं, आणि तिथल्या मिचेल गवताच्या विस्तीर्ण माळांवर लाखो हेक्टरांत काटेरी रान माजलं. आज ती तिथे राष्ट्रीय पातळीवरची उपद्रवी तण-वनस्पती आहे. तिला आवरायला तिथले शास्त्रज्ञ कीटक शोधत भारतात आणि पाकिस्तानात आले, कारण तिची पानं, बी, खोड खाणारे कीटक इथले. इथे ती त्यांच्या, शेळ्यांच्या आणि ठेलाऱ्यांच्या आकडीच्या धाकात असते. तिथे हा धाकच नव्हता.

वेडीची गोष्ट याच्या नेमकी उलट. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या मायदेशी, व्हेनेझुएलात, आणि परमुलखात तिच्याखाली किती जातींच्या वनस्पती वाढतात ते मोजलं. व्हेनेझुएलात तिच्या सावलीने इतर वनस्पतींना मदतच होत होती. भारतात आणि हवाई बेटांवर मात्र तिच्याखालच्या जाती ठळकपणे घटलेल्या होत्या. आपल्या शमीखाली असा परिणाम खूपच सौम्य होता. झाड तेच, शेजार बदलला.

म्हणून ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ हे दोन शिक्के एकच समजू नयेत. खानदेशी भरतातलं वांगं इथलं, पण त्यातली मिरची अमेरिकेची. नंदुरबारची मिरची, शहाद्याची पपई, चोपड्याचा मका यांचं मूळ सगळं समुद्रापार. यातलं एकही पीक कुंपण ओलांडून सातपुड्यात शिरलेलं नाही. माणसाने पेरलं नाही तर ते टिकतही नाही. जे झाड माणसाच्या मदतीवाचून पसरतं आणि पसरताना आधीच्यांची जागा, पाणी, उजेड हिसकावतं, तेवढंच आक्रमक. सातपुड्याच्या उतारांवरची घाणेरी त्यातलीच.

आता काढायची तर कशी? नुसती कापून उपयोग नाही. एका बुंध्याचे पंधरा फुटवे होतात आणि जाळी आधीपेक्षा दाट होते. जमिनीखालचा, फुटवे फुटणारा बुडखाच निघाला पाहिजे, आणि तो पाऊस पडून माती सैल झाल्यावर सोपा निघतो. जेसीबी लावायचाच असेल तर आदल्या दिवशी गावातल्या जाणत्या मेंढपाळाला घेऊन बाभूळ, हिवर, बोर यांच्या खोडांना चुन्याचा पट्टा मारून घ्यावा. चालकाला पानोळ्या मोजत बसायला लावू नये. रिकामी झालेली जागा तशीच सोडली तर मातीतलं जुनं बी उगवून येतं, म्हणून त्याच पावसात मारवेलसारख्या गवताचं बी टाकायचं आणि निदान दोन-तीन वर्षं चराई आवरायची. गोळा केलेल्या शेंगा गुरांना द्यायच्याच असतील तर बियांसकट दळून आणि इतर चाऱ्यात मिसळून. दळलेलं बी उगवत नाही.

आणि मेंढरं बसवलेल्या वावरात लक्ष ठेवायचं. लेंड्यांतून दोन्ही बाभळींचं बी येतं, आणि मृगाच्या पावसानंतर दोन्हींची वीतभर रोपं शेजारी शेजारी दिसतात. वापसा असेपर्यंत वेडीचं रोप हाताने मुळासकट निघतं. एक हिवाळा गेला की कुदळ लागते. बांधालगतचं बाभळीचं रोप तेवढं राहू द्यायचं आणि त्याच्याभोवती काढलेल्या वेडीच्याच काट्या रोवायच्या, म्हणजे पहिली दोन वर्षं शेळ्या त्याला तोंड लावणार नाहीत. रोवायच्या त्या काट्यांवर शेंग राहिलेली नाही, एवढं पाहून घ्यायचं.