रोबोने किती वेळ गप्प राहावं?

चहा करणं आपल्याला एकच काम वाटतं. अल्झायमर झालेल्या माणसासाठी मात्र ती लहान लहान कामांची लांबलचक रांग असते. किटलीत पाणी भरायचं, बटण दाबायचं, कप काढायचा, चहाची पिशवी शोधायची, आणि पाणी उकळेपर्यंत आपण इथे कशासाठी उभे आहोत हे विसरायचं नाही. एकेक कृती हाताला येत असते. अडतं ते पुढची कोणती, इथे. टोरोंटोतल्या संशोधकांनी अशा माणसांना पुढची पायरी सुचवणाऱ्या ‘एड’ नावाच्या रोबोच्या चाचणीसाठी हात धुण्याबरोबर चहाही निवडला, तो त्यासाठी फार नेमका होता.

एड चाकांवर फिरतो. डोक्याच्या जागी पडदा आहे. त्यावर कधी चेहरा दिसतो, कधी पुढची कृती करून दाखवणारी चित्रफीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो स्वतःच्या बुद्धीने चालत नव्हता. नजरेआड बसलेला माणूस त्याला चालवत होता. रोबो संशोधनातली ही रूढ पद्धत आहे आणि फार शहाणी आहे. आधी माणूस रोबोच्या वतीने बोलतो, कुठे काय सांगावं लागलं याची नोंद होते, आणि मग प्रोग्राम लिहायला घेतात. असा मदतनीस रोबो बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीमने तर हाच क्रम धरावा. सत्र संपत येईपर्यंत मोटारी आणि वायरिंगमध्ये गुंतून राहायचं आणि ज्याच्यासाठी यंत्र बनवलं त्या माणसाला शेवटच्या आठवड्यात भेटायचं, यात सगळ्यांचाच वेळ वाया जातो.

पुढे २०१५ साली याच रोबोचा अल्झायमर असलेल्या दहा ज्येष्ठांबरोबर अभ्यास झाला. त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. रोबोशी बोलताना गोंधळ उडाला की बरेचदा ही मंडळी त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करत. आपण फोनवर समोरच्याचं ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ म्हणतो. बोलक्या यंत्रांची रचना बहुतेक वेळा हेच गृहीत धरून केलेली असते. इथे तो आधारच निखळतो. शांतता म्हणजे समजलं, की समजलं नाही, की आता नको, हे रोबोला चेहऱ्यावरून, हातांच्या हालचालीवरून ओळखावं लागतं.

एडच्या आधी याच शहरात ॲलेक्स मिहायलिडिस यांच्या गटाने ‘कोच’ नावाची यंत्रणा बनवली होती. बेसिनच्या वर कॅमेरा. हात धुणाऱ्याकडे तो बघतो आणि अडलं तर बोलतो. तिची खरी करामत गप्प राहण्यात आहे. माणूस किती सावध आहे, सूचनेला किती प्रतिसाद देतो, याचा अंदाज संगणक सतत सुधारत राहतो. स्वतःहून जमतंय असं दिसलं तर काहीच बोलत नाही. अडलं तर आधी मोघम सूचना, मग नेमकी, मग चित्रफीत, आणि त्यानेही भागलं नाही तर काळजी घेणाऱ्याला हाक. घाई करून सगळंच सांगितलं तर जे येतंय तेही हातून सुटतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण सहा जण होते. त्यांतल्या मध्यम पातळीचा स्मृतिभ्रंश असलेल्यांनी हात धुण्याच्या सरासरी ११ टक्के जास्त पायऱ्या स्वतःच्या स्वतः पूर्ण केल्या, आणि काळजी घेणाऱ्याला मध्ये पडावं लागण्याचे प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. सहा जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण दिशा स्पष्ट आहे. आणि बाथरूममध्ये शेजारी दुसरं कुणी उभं राहावं लागत नाही, याची किंमत टक्क्यांत मोजता येत नाही.

किती सेकंद थांबायचं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार, शिकणाऱ्या मुलीला माहीत असतं, कारण तिने रुग्णाच्या हातात साबण देऊन वाट पाहिलेली असते. संगणकाच्या विद्यार्थ्याला ती वाट सूत्रात मांडता येते. डिझाइनचा विद्यार्थी आवाज, उंची, पडद्यावरचं अक्षर ठरवतो. हे तिघं पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी हवेत, आणि चौथी खुर्ची घरच्या माणसाची. ‘ओळखलंत का मला?’, ‘आज वार कोणता?’ असले प्रश्न रोबोच्या तोंडून काढून टाका, हे तीच व्यक्ती सर्वांत आधी सांगेल. ही माणसं दिवसभर परीक्षाच देत असतात.

रोबोच हवा का, हेही तपासावं लागतं. जपानच्या ताकानोरी शिबाता यांचा ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा मऊ रोबो जगभर वापरला जातो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. २८ शुश्रूषा केंद्रं, ४१५ माणसं. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला आतली यंत्रणा बंद केलेला पारो, तिसऱ्याला नेहमीची काळजी. नेहमीच्या काळजीपेक्षा पारो सरस ठरला. बंद पारोशी तुलना केली तेव्हा मात्र फरक मुख्यतः इतकाच उरला, की चालू पारोकडे लोक जास्त बघत आणि त्याच्याशी जास्त बोलत. अशी तुलना करायची हिंमत प्रत्येक विद्यार्थी टीमने दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. मुंबईत केईएम आणि नायरमध्ये ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात, पवईला आयआयटीत डिझाइन शिकवतात. अशी टीम जुळवणं अवघड नाही. पण टोरोंटोचा चहा इथे जसाच्या तसा चालणार नाही. आपला चहा गॅसवर उकळतो, उतू जातो. पाणी उकळलं की स्वतःहून बंद होणारी किटली इथल्या ओट्यावर क्वचितच दिसते. तिथे गोंधळलेल्या माणसाने रोबोकडे दुर्लक्ष केलं तर चहा राहून जातो; इथे गॅस चालू राहतो. म्हणजे कपाच्या बाबतीत रोबोने खुशाल थांबावं, पण शेगडीच्या बाबतीत थांबणं किती परवडेल, तेवढ्या वेळानंतर गॅस आपोआप बंद व्हावा की शेजारच्या खोलीतल्या सुनेला हाक जावी, आणि घरात कुणीच नसेल तर काय, हे रोबोचा चेहरा काढायला घेण्याआधी ठरलेलं हवं.