शंभर वर्षांचा अडकित्ता

"वस्तू १०० वर्षांची झाली की ती कलावस्तू, लाखांना जाते." सांगलीत हा निरोप फिरला की माळ्यावरचे डबे खाली उतरतात.

१०० वर्षांची अट खरी आहे, पण ती १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे जुन्या काळच्या वस्तू) कायद्यातली. तिथे वय बघतात, किंमत नाही. उलट असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही.

मोल येतं घडणीमुळे. सुपारी साध्या पात्यानेही कातरली जाते. तरी कुणी कारागिराने अडकित्त्याला मोराचा, घोड्याचा आकार दिला. पुण्यातल्या संग्रहालयात असे अडकित्ते काचेआड मांडलेत. साधा, ठोकळेबाज अडकित्ता कितीही जुना असला तरी बहुधा अडकित्ताच राहतो. (आजीची आठवण म्हणून मात्र जपावा.)

घडण घरच्या घरी बघायची तर पात्याला नाही, पितळी दिसणाऱ्या मुठीला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वर पितळेचा मुलामा. मग भिंगातून नक्षी न्याहाळा. छिन्नीची रेघ धारदार दिसते, साच्यातली बहुधा बोथट. वापराने झिजलेली नक्षीही बोथट दिसते, तेव्हा घाईने निकाल देऊ नका.