‘हाऊ कोन शे?’ : फोटोवरून माणूस ओळखण्याची पार्श्वभूमी

मागच्या दिवाळीत अमळनेरच्या आत्याने ट्रंकेत सापडलेला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एक हात वेताच्या खुर्चीवर. खाली अहिराणीत एवढंच : ‘हाऊ कोन शे?’, म्हणजे हा कोण आहे? तासाभरात तीन नावं आली, तिन्ही ठाम. मी गूगल लेन्स लावून पाहिलं, तर काळ्या टोप्या विकणारी दुकानं निघाली. शेवटी आत्याने फोटो फ्रेममधून सोडवला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चोपड्याचे मामंजी’. कुणाचे मामंजी, यावर अजून वाद चालू आहे.

नुसत्या फोटोवरून माणूस सापडत नाही, हे पोलिसांना केव्हाच कळलं होतं. हजारो फोटोंच्या ढिगातून एक चेहरा काढायचा कसा? पॅरिसमध्ये अल्फोन्स बेर्तियों याने १८८० च्या दशकात डोकं, हात, पाऊल मोजून त्या मापांवर कार्डं लावली. फोटो त्या कार्डाला जोडलेला असे. आपल्याकडे मापांपेक्षा बोटांचे ठसे भरवशाचे ठरले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं ब्यूरो निघालं. मापांची कल्पना मात्र मेली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो याने फोटोतल्या डोळे, नाक, ओठांच्या जागा हाताने नोंदवून घेतल्या आणि त्यांच्यातली अंतरं संगणकाला ताडून पाहायला लावली.

इंटरनेटवर आधी आला तो वेगळाच प्रकार. २००८ मध्ये टिनआय, २०११ मध्ये गूगलचा फोटोवरून शोध. हे मुळात तोच फोटो आणखी कुठे आहे ते सांगतात, तोच माणूस कुठे आहे ते नाही. हा फरक आमच्या ग्रुपमध्ये मी चारदा समजावला आहे. चेहऱ्यावरून शोधण्याचं तंत्र आपण बनवलं होतं पण बाहेर काढलं नाही, असं गूगलच्या एरिक श्मिट यांनी २०११ मध्येच सांगितलं होतं.

फोटो कुठला आहे, एवढं शोधणंही कमी मोलाचं नाही. खानदेशात तरी ते कुणी हलक्यात घेऊ नये. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. त्या दिवसांत या भागातल्या मोबाइलवर मेलेल्या मुलांच्या रांगांचा एक व्हिडिओ फिरत होता. मुलं खरी होती, पण सीरियातल्या घौता इथली, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली. त्यातलं एक चित्र शोधात टाकलं असतं तरी मूळ ठिकाण हाती लागलं असतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

चेहऱ्याचा शोध मात्र थांबला नाही. फेसबुक २०१० पासून फोटोतल्या मित्रांची नावं आपणहून सुचवत होतं. २०२१ मध्ये त्याने ती सोय बंद केली आणि शंभर कोटींहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांची मापं पुसून टाकण्याचं जाहीर केलं. पण तोवर पिमआयज आलं होतं. त्याला कुणाचाही फोटो द्या, त्या चेहऱ्याचे वेबवरचे दुसरे फोटो ते समोर मांडतं. नाव देत नाही. पण फोटो ज्या पानावर असतो तिथे बहुतेकदा नावही असतंच. आणि ते नाव बरोबर आहे का, हे कुठलंच यंत्र बघत नाही.

चोपड्याचे मामंजी इतके दिवस या सगळ्याबाहेर होते. परवा एका भाच्याने त्यांचा फोटो फेसबुकवर टाकला, त्या तीन नावांपैकी एक खाली लिहून.