आधी एक भाऊ, मग सगळं घर : ग्रीक कुटुंबं ऑस्ट्रेलियात कशी आली

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात शहरात भूकबळी पडू लागले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अथेन्स मोकळं झालं, तरी १९४६ ते १९४९ यादवी युद्ध चाललं आणि डोंगराळ भागातली गावंच्या गावं ओस पडली. उरली ती वाटण्यांनी तुकडे झालेली जमीन आणि लग्नाच्या मुली. हुंडा द्यावाच लागे आणि बहिणी उजवल्याशिवाय भावानं बोहल्यावर चढायचं नाही, असा रिवाज. म्हणून घरातून आधी बहुधा एक भाऊ बाहेर पडे.

अमेरिकेचं दार १९२४ च्या कोटा कायद्यानं जवळजवळ बंद झालं होतं. ऑस्ट्रेलियाला मात्र कारखान्यांसाठी माणसं हवी होती, अर्थात गोरीच. (त्या काळात आपल्याकडच्या एखाद्या फिटरनं अर्ज केला असता, तर त्याची डाळ शिजली नसती.) १९५२ पासून ग्रीसमधून सरकारी मदतीनं प्रवास सुरू झाला. तिकिटाचा मोठा भाग सरकार आणि स्थलांतराचं काम बघणारी आंतरराष्ट्रीय समिती उचलायची. बदल्यात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम.

पण खरी भरती झाली ती ‘प्रोस्क्लिसी’वर, म्हणजे बोलावण्यावर. आधी गेलेला नातेवाईक राहण्या-खाण्याची हमी लिहून देई आणि मग गावातल्या माणसाचे कागद हलत. गाडी अडायची ती दोन ठिकाणी. छातीच्या एक्स-रेत क्षयाचा डाग दिसला की अर्ज बाद. दुसरी अडचण पोलिसांच्या ‘सामाजिक विचारसरणी’च्या दाखल्याची. चुलता यादवी युद्धात डाव्यांच्या बाजूनं लढला असेल, तर पुतण्याचा पासपोर्टही लटकायचा. एकाच घरातला एक भाऊ मेलबर्नला आणि दुसरा वर्षानुवर्षं गावातच, याचं कारण कित्येकदा हेच असे.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुएझमार्गे हा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा. डिसेंबर १९५९ पासून ‘पात्रिस’ ही ग्रीक कंपनीची बोट या मार्गावर धावू लागली. सरकारी मदतीनं आलेल्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम व्हिक्टोरिया राज्यातल्या बोनेगिला छावणीत पडे. जुनी लष्करी जागा, पत्र्याच्या खोल्या, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी आणि जेवणात रोज मेंढीचं मटण. १९६१ च्या मंदीत काम मिळेना, तेव्हा तिथे दंगल उसळली. बोलावण्यावर आलेला मात्र छावणीत न जाता थेट नातेवाइकाच्या खोलीवर जाई. गिरणगावात गाववाल्याच्या खोलीवर उतरावं, तसं.

मेलबर्नमध्ये रिचमंड, ब्रन्सविक, नॉर्थकोट आणि सिडनीत मॅरिकविल या तेव्हाच्या स्वस्त कामगार वस्त्या. एक जुनं घर कर्जानं घ्यायचं, दोन-तीन खोल्या गाववाल्यांना भाड्यानं द्यायच्या, स्वयंपाकघर एकच ठेवायचं आणि त्या भाड्यातून हप्ते फेडायचे. नवरा दिवसपाळीला मोटारीच्या कारखान्यात, बायको संध्याकाळच्या पाळीला नाहीतर घरीच शिवणयंत्रावर, नगावर मजुरी घेऊन. हिशेब चुकायचा तो मुलांच्या बाबतीत. तान्ह्याकडे बघायला कुणी नसलं, की काही जण त्याला आजीकडे ग्रीसला पाठवत. चार-पाच वर्षांनी परत आलेलं मूल आईबापाला ओळखत नसे. म्हणून पुढचं बोलावणं बहुतेकदा आजीलाच जाई. ‘पाच वर्षं कमवू आणि परतू’ हा बेत शाळा सुरू झाली की मागे पडे.

ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत १९४७ साली ग्रीसमध्ये जन्मलेले सुमारे १२ हजार होते, १९७१ साली सुमारे १ लाख ६० हजार.

आज अशा घराचे कागद शोधताना काही खाचखळगे नेहमीचे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत असल्यानं चार चुलतभावांची नाव-आडनावं तंतोतंत सारखी निघतात. त्यामुळे वडिलांचं नाव आणि गाव जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाईच्या आडनावाचा शेवट वेगळा असतो : भाऊ पापादोपुलोस, तर बहीण पापादोपुलू. त्यात कुणी ऑस्ट्रेलियात ‘पापास’ असं आखूड केलेलं. गावच्या पुरुष-नोंदवहीत मुली सापडत नाहीत, त्यांच्यासाठी कुटुंब-नोंद किंवा चर्चची बाप्तिस्म्याची वही बघावी. आणि फेब्रुवारी १९२३ पूर्वीच्या जन्मतारखेत १३ दिवसांचा फरक निघाला, तर ती माणसं दोन समजू नयेत. ग्रीसनं तेव्हा दिनदर्शिका बदलली होती.